शेजारच्या धातूवरची जकात : कॅनडा आणि अमेरिकेची दीडशे वर्षे

लोखंड आणि ॲल्युमिनियम या दोन धातूंवर कॅनडा आणि अमेरिका यांनी एकमेकांविरुद्ध लावलेल्या जकातींचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. या दोन देशांची सीमा नकाशावर ठळक दिसते. धातूच्या धंद्यात मात्र ती कधीच तितकी ठळक नव्हती. सुपीरियर, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही चार महासरोवरे तिने मधोमध दुभागली आहेत. लोहखनिज सुपीरियरच्या काठी, मिनेसोटा आणि मिशिगनमध्ये सापडते, तर दगडी कोळसा पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात. हा सगळा माल बोटींतून आणि मालगाड्यांतून दोन्ही काठांवरच्या कारखान्यांपर्यंत जातो. हॅमिल्टनच्या झोतभट्टीत आणि क्लीव्हलँडच्या झोतभट्टीत फार वेळा एकाच खाणपट्ट्यातले खनिज आणि एकाच डोंगररांगेतला कोळसा पडत आला आहे. त्यामुळे इथली जकात दोन वेगळ्या उद्योगांच्या मध्ये उभी राहत नाही, ती एकाच उद्योगाच्या अंगातून आरपार जाते. ही गोष्ट डोळ्यांआड झाली की या इतिहासातले बरेचसे निर्णय समजेनासे होतात.

आरंभी प्रश्न कच्च्या मालाचा होता. १८५४ साली अमेरिका आणि उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहती यांच्यात परस्पर सवलतीचा करार झाला. धान्य, लाकूड, मासे, कोळसा आणि सर्व धातूंची खनिजे या करारामुळे जकातमुक्त झाली, पण कारखान्यात तयार झालेला माल त्याबाहेर राहिला. पाचच वर्षांनी, १८५९ मध्ये, कॅनडाचे अर्थमंत्री अलेक्झांडर गॉल्ट यांनी तयार मालावरची जकात वाढवली आणि अमेरिकी कारखानदार चिडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ब्रिटनने दक्षिणेकडच्या राज्यांना झुकते माप दिले, अशी उत्तरेकडच्या लोकांची भावना होती. त्या रागाचीही भर पडली. मार्च १८६६ मध्ये अमेरिकेने करार संपवला. पुढच्याच वर्षी कॅनडाचे संघराज्य जन्माला आले. मोठी बाजारपेठ एकाएकी मिटल्याची चिंता या जन्मामागच्या कारणांपैकी एक होती.

नवे राष्ट्र काही वर्षे पुन्हा तसाच करार मिळावा म्हणून वॉशिंग्टनचे दार ठोठावत राहिले. दार उघडले नाही. १८७३ नंतरच्या मंदीत अमेरिकी माल उत्तरेकडे पडत्या भावाने येऊ लागला, तेव्हा कॅनडाचे नेते जॉन मॅकडोनल्ड यांनी संरक्षक जकातीचा मुद्दा घेऊन १८७८ ची निवडणूक जिंकली. १८७९ च्या अंदाजपत्रकापासून कॅनडात ‘राष्ट्रीय धोरण’ सुरू झाले. कच्च्या लोखंडावर टनाला दोन डॉलर जकात बसली. १८८३ पासून देशात तयार होणाऱ्या कच्च्या लोखंडाला सरकार टनामागे दीड डॉलर अनुदानही देऊ लागले. १८८७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टपर यांनी ही जकात दुप्पट केली आणि पत्रे, सळ्या, ओतीव काम अशा पुढच्या मालाचे दरही त्या प्रमाणात चढवले. रेल्वेच्या रुळांना मात्र त्यांनी हात लावला नाही. देशात लोहमार्ग वाढवायचे होते आणि त्यासाठी रूळ स्वस्त हवे होते, म्हणून ते आणखी बराच काळ जकातीशिवाय येत राहिले.

या भिंतीच्या आडोशाला जे उभे राहिले त्यात अमेरिकी भांडवलाचा आणि माणसांचा मोठा हात होता. हॅमिल्टनमध्ये १८९५ साली झोतभट्टी पेटली. तिच्यातून आणि इतर कंपन्यांच्या विलीनीकरणातून १९१० मध्ये ‘स्टेल्को’ तयार झाली. १९१२ साली शेजारीच ‘डोफॅस्को’चा पाया पडला. नोव्हा स्कोशियातल्या सिडनीचा पोलाद कारखाना बॉस्टनच्या हेन्री व्हिटनी यांनी काढला. सेंट मेरीज नदीकाठच्या सू सेंट मेरी इथला ‘अल्गोमा’ कारखाना फ्रान्सिस क्लर्ग यांनी उभारला. ते मेन राज्यातले, नदीच्या पाण्यावर वीज काढायच्या उमेदीने उत्तरेकडे आलेले. तिथे नदीच्या दोन्ही काठांवर एकाच नावाची दोन गावे आहेत, एक कॅनडात आणि एक मिशिगनमध्ये. वेस्टिंगहाउस आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपन्यांनीही हॅमिल्टनमध्ये शाखा काढल्या. जकातीमुळे माल आत येईना, म्हणून कारखानाच आत आला. माल अडवायला बांधलेल्या भिंतीने मालक आत आणावेत, हा परिणाम मॅकडोनल्ड यांच्या समर्थकांना खुपला नाही. रोजगार देशात राहिला हेच त्यांना पुरेसे वाटले. मालकी कोणाची, हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर पडला आणि तो आजही मिटलेला नाही.

क्लर्ग यांच्या अल्गोमाने १९०२ मध्ये पोलादी रूळ पाडायला सुरुवात केली आणि तिथूनच जगाच्या व्यापारकायद्यात एक नवे कलम आले. १९०१ साली अमेरिकेत ‘यू. एस. स्टील’ ही अवाढव्य कंपनी तयार झाली होती. ती घरच्या बाजारात रूळ चढ्या भावाने विकते आणि उरलेला माल कॅनडात त्याहून स्वस्त टाकते, अशी तक्रार कॅनडाच्या कारखानदारांनी मांडली. तेव्हाच्या उदारमतवादी सरकारपुढे पेच होता. त्याचे बरेच मतदार शेतकरी होते. नांगर, कुंपणाची तार आणि मळणीयंत्रे महाग होऊ नयेत असे त्यांना वाटे. सरसकट जकात वाढवली असती तर एका कंपनीच्या वागणुकीची किंमत सगळ्या गिऱ्हाइकांनी मोजली असती.

अर्थमंत्री विल्यम फील्डिंग यांनी १९०४ मध्ये वेगळी वाट काढली. दर सगळ्यांसाठी होता तोच ठेवायचा. फक्त जो माल निर्यातदार आपल्या देशातल्या भावापेक्षा कमी भावाने पाठवतो, त्या मालावर दोन भावांतला फरक विशेष जकात म्हणून घ्यायचा. तिला वरची मर्यादाही घालून दिली. देशी उद्योगाचे नुकसान झाले की नाही हे सिद्ध करण्याची अट त्यात नव्हती; जकात अधिकाऱ्याने दोन किमती ताडून पाहायच्या आणि शुल्क आकारायचे. डम्पिंगविरोधी कायद्याचे जगातले हे पहिले उदाहरण. १९०५ मध्ये न्यूझीलंडने आणि १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याचे अनुकरण केले. ज्या देशाच्या मालासाठी तो झाला त्या अमेरिकेने १९१६ मध्ये आणि अधिक परिणामकारक रूपात १९२१ मध्ये स्वतःचा कायदा केला. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापारकरारात हे तत्त्व सहाव्या कलमात बसले. त्याची पहिली सखोल शास्त्रीय मांडणी १९२३ साली अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी केली. ते जन्माने माँट्रियलचे होते आणि त्यांची कारकीर्द अमेरिकेत घडली. १९९५ नंतर या हत्याराचा सर्वाधिक वापर करणाऱ्या देशांत भारत अग्रभागी आहे, आणि चीनचे पोलाद व ॲल्युमिनियम हे त्याच्या चौकशांमधले नेहमीचे विषय आहेत. फील्डिंग यांची कल्पना मुळात संयमाची होती. पुढे तिचा वापर किती सैल झाला हे पाहिले की त्या संयमाचे मोल अधिक जाणवते.

१९११ मध्ये परस्पर सवलतीचा करार पुन्हा दारात आला. अमेरिकी अध्यक्ष टाफ्ट आणि कॅनडाचे पंतप्रधान लॉरिए यांच्यात तो ठरलाही होता आणि त्यात भर होता तो शेतमालावर. तरी हॅमिल्टन-टोरॉन्टोच्या कारखानदारांना यापुढचे पाऊल आपल्यावर पडणार अशी धास्ती वाटली. निवडणुकीत लॉरिए हरले, करार बारगळला आणि पोलादाची भिंत जागेवर राहिली.

ॲल्युमिनियमची गोष्ट इथून वेगळी होते. पोलाद कॅनडात जकातीमुळे वाढले. ॲल्युमिनियम वाढले ते नद्यांमुळे. या धातूच्या एका टनाला सुमारे १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला तेवढी वीज अकरा-बारा वर्षे पुरेल. बॉक्साइट जगात कुठूनही बोटीने आणता येते, वीज मात्र त्या काळी दूरवर नेता येत नव्हती. म्हणून कारखाना धबधब्यापाशी जाई. चार्ल्स मार्टिन हॉल यांच्या विजेने ॲल्युमिनियम काढण्याच्या पद्धतीवर उभी राहिलेली पिट्सबर्गची कंपनी, म्हणजे पुढची ‘अल्कोआ’, १८९५ मध्ये नायगाऱ्याला गेली आणि १९०१ साली क्वेबेकमधल्या शाविनिगन धबधब्यावर तिने कॅनडातले पहिले ॲल्युमिनियम काढले.

त्याहून मोठी झेप सागने नदीच्या खोऱ्यात पडली. तंबाखूच्या धंद्यात गब्बर झालेले जेम्स ड्यूक यांच्याकडे तिथले पाण्याचे हक्क होते आणि कंपनीला वीज हवी होती. अल्कोआचे आर्थर व्हायनिंग डेव्हिस यांनी हा व्यवहार जुळवला. १९२६ मध्ये जंगल तोडून वसवलेल्या आर्विडा गावात भट्ट्या सुरू झाल्या. १९२८ साली अल्कोआने परदेशातला बहुतेक कारभार ‘ॲल्युमिनियम लिमिटेड’ या कॅनडास्थित कंपनीकडे सोपवला. तिचे प्रमुख झाले डेव्हिस यांचे बंधू एडवर्ड. भागधारक मात्र तेच राहिले. अमेरिकेने १९२२ मध्ये ॲल्युमिनियमच्या लगडीवर पौंडाला पाच सेंट आणि १९३० मध्ये चार सेंट जकात ठेवली होती. भिंतीच्या आत अल्कोआ होती आणि बाहेरही तिचीच सख्खी बहीण. या जकातीतून संरक्षण कोणाला कोणापासून मिळत होते, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयांत अनेक वर्षे घोळला. १९५० मध्ये न्यायालयाने बड्या भागधारकांना दोनपैकी एकाच कंपनीचे समभाग ठेवण्यास भाग पाडले, तेव्हा कुठे दोन बहिणी खऱ्या अर्थाने वेगळ्या झाल्या.

‘ॲल्युमिनियम लिमिटेड’, म्हणजे पुढची ‘अल्कान’, या कॅनडाच्या कंपनीचा मराठी मुलखाशीही संबंध आला. तिनेच १९३८ साली भारतात ‘इंडियन ॲल्युमिनियम’ म्हणजे इंडाल सुरू केली. इंडालचा ॲल्युमिना कारखाना बेळगावात आणि फॉइलचा कारखाना ठाण्याजवळ कळव्याला होता. चंदगड-राधानगरी भागातले बॉक्साइट बेळगावला जात असे. २००० साली मुंबईच्या हिंडाल्कोने इंडाल घेतली आणि २००७ मध्ये तीच कंपनी नोव्हेलिसची मालक झाली. नोव्हेलिस म्हणजे अल्कानमधून फुटून निघालेला पत्र्याचा धंदा. ऑन्टॅरिओतल्या किंग्स्टनचा आणि सीमेपलीकडच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगोचा असे त्याचे सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारखाने एका भारतीय उद्योगसमूहाखाली आले.

१९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने अमेरिकेने अनेक वस्तूंच्या आयातीवर उंच जकाती लावल्या. कॅनडाने त्याच वर्षी प्रत्युत्तर दिले, आधी मॅकेन्झी किंग यांच्या आणि मग बेनेट यांच्या सरकारने. दोन्ही देशांचा व्यापार कोसळला. १९३५ मध्ये रूझवेल्ट आणि किंग यांनी करार करून दर उतरवायला सुरुवात केली. एप्रिल १९४१ च्या हाइड पार्क जाहीरनाम्याने युद्धसामग्रीसाठी दोन्ही देशांची उत्पादनशक्ती एकत्र वापरायचे ठरले. सागने खोऱ्यात शिपशॉचे प्रचंड वीजकेंद्र दोन वर्षांत उभे राहिले आणि कॅनडाचे ॲल्युमिनियम उत्पादन वर्षाला चार लाख टनांच्या वर गेले. दोस्तांच्या विमानांचा मोठा भाग या धातूचा होता. शेजाऱ्याचा धातू म्हणजे आपल्या सुरक्षेचा आधार, ही समजूत तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सर्वमान्य होती. पाऊणशे वर्षांनी तिथूनच उलट युक्तिवाद निघाला, म्हणून हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

वाढीची किंमतही कोणीतरी दिली. ब्रिटिश कोलंबियातल्या किटिमाटच्या कारखान्यासाठी १९५० च्या दशकाच्या आरंभी नेचाको नदी अडवली गेली आणि डोंगरातून सोळा किलोमीटरचा बोगदा काढला गेला. पाणी चढले तेव्हा चेस्लाटा या आदिवासी समाजाला अगदी थोड्या मुदतीत घरे, शेते आणि पूर्वजांची दफनभूमी सोडावी लागली. जकातींच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. पण कॅनडाचे ॲल्युमिनियम स्वस्त का, याच्या उत्तरात त्यांचे विस्थापनही धरावेच लागते.

१९६५ च्या मोटारकराराने गाड्या आणि सुटे भाग जवळजवळ जकातीशिवाय सीमेपार जाऊ लागले. १९८९ मध्ये दोन देशांचा आणि १९९४ मध्ये मेक्सिकोसह तीन देशांचा मुक्त व्यापार करार झाला. पोलादाचा पत्रा ऑन्टॅरिओत लाटायचा, मिशिगनमध्ये ठोकून आकार द्यायचा आणि पुन्हा ऑन्टॅरिओत जोडायचा, असे काम नेहमीचे झाले. २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी परदेशी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत जकात लावली, तेव्हा कॅनडा आणि मेक्सिकोला वगळले. अमेरिकेतल्या पोलाद कामगारांची मोठी संघटना दोन्ही देशांत पसरलेली आहे. २००१ ते २०१९ या काळात तिचे अध्यक्ष लिओ जेरार्ड हे सडबरीचे, म्हणजे कॅनडाचे होते. परदेशी पोलादाविरुद्ध ही संघटना नेहमी कडक भूमिका घेई आणि कॅनडाला त्यातून सोडा, असेही नेहमी सांगे. याच सुमारास मालकीची उलथापालथ झाली. २००६-०७ मध्ये डोफॅस्को आर्सेलरमित्तलकडे, अल्गोमा मुंबईच्या एस्सारकडे आणि स्टेल्को यू. एस. स्टीलकडे गेली. एस्सारला अल्गोमा फार काळ सांभाळता आली नाही. २०१५ मध्ये कारखान्याने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले.

२०१८ मध्ये वापरले गेलेले हत्यार १९६२ चे होते. त्या वर्षीच्या व्यापार कायद्याच्या २३२ व्या कलमानुसार एखाद्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येत असेल तर अध्यक्ष ती रोखू शकतात. शीतयुद्धातले हे कलम मुख्यतः खनिज तेलासाठी वापरले गेले होते. २००१ मध्ये लोहखनिज आणि अर्धवट तयार पोलादाची याच कलमाखाली चौकशी झाली आणि धोका नाही असा निष्कर्ष निघाला. अध्यक्ष ट्रम्प यांनी मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात जाहीर केली. कॅनडाला आधी सूट मिळाली. १ जूनला ती काढून घेतली गेली. १९५८ पासून ज्या देशाबरोबर आकाशाचे संयुक्त संरक्षण चालते आणि ज्याच्या कारखान्यांना अमेरिकी कायदा १९९३ पासून स्वतःच्या संरक्षण-उद्योगाचा भाग मानतो, त्याच देशाचा धातू सुरक्षेला धोका ठरला. हा युक्तिवाद तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. शिवाय अमेरिकेच्या पोलाद निर्यातीतला जवळपास निम्मा माल कॅनडाच विकत घेत होता. १ जुलैपासून कॅनडाने १६.६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर प्रतिजकात लावली. त्यात पोलाद-ॲल्युमिनियमबरोबर केचप, व्हिस्की आणि दहीही होते. मे २०१९ मध्ये दोन्हीकडच्या जकाती उठल्या.

ऑगस्ट २०२० मध्ये कॅनडाच्या कच्च्या ॲल्युमिनियमवर पुन्हा १० टक्के जकात आली. ती मागणारे अमेरिकेत फक्त दोन उत्पादक होते. ॲल्युमिनियम उद्योगाच्या व्यापक संघटनेने तिला उघड विरोध केला. कारण सरळ आहे. या उद्योगातले बहुतेक कामगार लगडी पाडत नाहीत. लगडीपासून पत्रा, डबे, खिडक्यांच्या चौकटी आणि मोटारींचे भाग करतात, आणि ती लगड प्रामुख्याने क्वेबेकहून येते. जकात महिनाभरात मागे घेतली गेली.

२०२५ मध्ये हे प्रकरण सर्वात तीव्र झाले. १२ मार्चपासून दोन्ही धातूंवर २५ टक्के आणि ४ जूनपासून ५० टक्के जकात, तीही कोणत्याही देशाच्या मुक्त व्यापार कराराची कदर न करता. धातूपासून बनलेल्या अनेक वस्तूंनाही त्यातल्या धातूच्या किमतीवर ती लागू झाली. कॅनडाने १३ मार्चपासून २९.८ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या मालावर २५ टक्के प्रतिजकात लावली.

दोन धातूंवर परिणाम वेगवेगळे झाले आणि त्याचे कारण त्यांच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास वर्षाला ४५ लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम निघत असे. २०२४ मध्ये ते सात लाख टनांच्याही खाली होते. महाग विजेमुळे भट्ट्या एकामागून एक विझल्या आणि जकात लावल्याने धरणे उभी राहत नाहीत. म्हणून अमेरिकी ग्राहक कॅनडाचा धातू घेतच राहिला, त्याला जागतिक भावावर द्यावी लागणारी जादा रक्कम विक्रमी पातळीला गेली, आणि उत्पादकांनी काही माल युरोपकडे वळवला. पोलादाला अशी वाट नव्हती. कॅनडाची सुमारे ९० टक्के पोलाद निर्यात तोवर अमेरिकेतच जात होती, आणि अमेरिकेत पोलादाच्या भट्ट्या मुबलक आहेत. त्यामुळे भार कॅनडाच्या कामगारांवर पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टेल्को विकत घेणारी क्लीव्हलँड-क्लिफ्स ही अमेरिकी कंपनी या जकातींची पुरस्कर्ती होती. हॅमिल्टनचे कामगार तिच्याच पगारपत्रकावर होते. कोळशाच्या झोतभट्टीऐवजी विजेच्या भट्टीकडे वळण्याच्या ऐन धांदलीत असलेल्या अल्गोमाला सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र आणि ऑन्टॅरिओ सरकारांनी मिळून ५० कोटी कॅनेडियन डॉलरचे कर्ज दिले.

शेजाऱ्याने दार लावल्यावर कॅनडाने आपली इतर दारेही आवळली. ऑक्टोबर २०२४ पासून चिनी पोलाद आणि ॲल्युमिनियमवर २५ टक्के अधिभार होताच. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांनी पोलादाच्या आयातीवरचे कोटे कडक केले. ज्या देशांशी कॅनडाचा मुक्त व्यापार करार नाही, त्यांना २०२४ मधल्या आपल्या निर्यातीच्या निम्म्यापर्यंतच माल नेहमीच्या दराने पाठवता येईल आणि त्यापुढच्या मालावर ५० टक्के जकात बसेल, असे ठरले. भारताचा कॅनडाशी असा करार नसल्याने भारतीय पोलादही या मर्यादेखाली आले.